‘पान लागून’ : कोतवाल बुकातलं मरणाचं कारण कसं वाचायचं

नातीच्या जातपडताळणीसाठी जुनी नोंद हवी होती. पुतण्याने तहसीलच्या रेकॉर्ड रूमला चार हेलपाटे घातले, कोतवाल बुकाच्या, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मरणाच्या वहीच्या, नकला आणल्या आणि त्यातला एक कागद माझ्यापुढे टाकून म्हणाला, "आत्या, बघ. आबा सांगायचे ते खोटं नव्हतं."

कागद १९११ सालचा, जुलै महिन्यातला. माझ्या आजोबांच्या धाकट्या भावाची मयताची नोंद. वय ३०. कारणाच्या रकान्यात मोडीतले दोनच शब्द: पान लागून.

आमच्या घरात एक गोष्ट चालत आलेली आहे. ह्या भावाला भावकीतल्या एकाने विड्यातून काहीतरी घातलं, असं आबा सांगायचे. तेव्हापासून वाड्यातली दोन घरं एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत, मयताला फक्त दारापर्यंत जातात. पुतण्याला वाटलं, सरकारी दप्तरात पुरावाच सापडला. मी त्याला लगेच काही बोलले नाही. म्हटलं, आधी अख्खं पान आण, मग बोलू.

सातारा जिल्ह्यात मी चौतीस वर्षं आरोग्य सेविका होते. उपकेंद्राच्या वह्यांत जन्म-मरण लिहिण्यात माझं आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर मोडी शिकले आणि तेव्हापासून ओळखीपाळखीचे लोक नमुना नंबर चौदाच्या, म्हणजे ह्याच कोतवाल बुकाच्या, नकला घेऊन येतात. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, त्यानंतर तर रांगच लागली. पण सगळे बघतात तो जातीचा रकाना. शेजारचा कारणाचा रकाना कुणी वाचत नाही, आणि वाचलाच तर आमच्या पुतण्यासारखा. म्हणून मी तो कसा वाचते ते लिहून ठेवते आहे.

एकटी ओळ कधी आणू नका. नक्कल मागताना अख्ख्या पानाची मागा, जमलं तर मागचं-पुढचं पानही. जिल्ह्याच्या संकेतस्थळावर छायाप्रत असेल तर सोपंच, पाच-सहा पानं उतरवून घ्या. एका ओळीतलं कारण जवळजवळ नेहमी मुकं असतं, त्याला शेजारच्या ओळी बोलायला लावतात. आमच्याच गावचं ऑक्टोबर १९१८ चं पान बघा. इतर वर्षी एक पान दोन-तीन महिने पुरायचं, हे नऊ दिवसांत भरलंय. कारण एकच: ताप. पहिल्या ओळीत ताप लिहिलाय आणि खाली कित्ता, कित्ता, कित्ता, म्हणजे वरचंच. मयतांची वयं बघितली तर पंचवीस, बत्तीस, अठ्ठावीस, आणि त्यात बायका जास्त. म्हातारी माणसं जवळपास नाहीतच. ह्याला नुसता ताप कोण म्हणेल? ती मानमोडीची साथ, म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा. त्या साथीने हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं नेली. पण मानमोडी हा शब्द मला त्या वहीत एकदाही सापडला नाही, कारण तिच्यासाठी वहीत घरच नव्हतं.

हे घर प्रकरण समजून घ्या, निम्मं काम तिथंच होतं. गावात नोंद पोलीस पाटलाकडे व्हायची. वर्दी कोतवाल द्यायचा, नाहीतर घरचं कोणी. डॉक्टरने नाडी पाहिलेली नसायची. घरच्यांनी म्हणायचं "आठ दिवस अंग तापलं होतं, मग बरळायला लागला", आणि लिहिणाऱ्याने लिहायचं "ताप". वर सरकारला महिन्याचा तक्ता जायचा. त्यात ठरलेली खाती असत: पटकी, देवी, ताप, आव व हगवण, श्वासाचे विकार, इजा आणि मग "इतर". १८९६ ला मुंबईत प्लेग आला आणि त्याचं एक खातं वाढलं. माणूस कशानेही मेला तरी त्याला ह्यातल्या एका खात्यात बसवायचं. सगळ्यात ऐसपैस खातं तापाचं. हिवताप, विषमज्वर, बाळंतपणानंतरचा ताप, न्यूमोनिया, लपवलेला प्लेग, सगळे त्यात जाऊन बसले. म्हणून ‘ताप’ दिसला की रोगाचं नाव सापडलं असं समजू नका. घरच्यांना काय दिसलं, तेवढंच ते आहे.

आता मोडीबद्दल, थोडक्यात. लिहिणारा आधी ओळ आखतो आणि हात न उचलता खाली अक्षरं ओढत जातो, त्यामुळे शब्द कुठं तुटतो ते कळत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. अनुस्वार तर बहुतेक वेळा गाळलेला. तेव्हा अक्षरं लावून झाली की शब्द मोठ्याने म्हणा आणि हवा तिथं अनुस्वार घालून बघा. मी सुरुवातीला एका बाईची नोंद "पाडुरोग" अशी लावली, आणि कुणीतरी तिला पाडलं म्हणून ती गेली असं समजून चुकचुकत बसले. तो पांडुरोग होता. अंगात रक्त नसणं, पांढरंफटक पडणं. वय २६, तीन वर्षांत दोन बाळंतपणं मागच्याच पानांवर. एवढी वर्षं लोहाच्या गोळ्या वाटलेल्या बाईला ते आधी सुचायला हवं होतं!

तारीख शकात असेल तर ७८ मिळवा, फसली, म्हणजे महसुली सन, असेल तर ५९०. दोन्ही वर्षं जानेवारीत बदलत नाहीत, म्हणून एखादं वर्ष इकडेतिकडे होतं. महिना मात्र नीट काढा, त्याची गरज पडणार आहे.

शब्दांकडे येऊ. माझा पहिला कोश म्हणजे आमची आजी. ती चिडली की म्हणायची, "तुला पटकी नेवो", "तुझा वाखा झाला", "मरीआईचा गाडा येवो तुझ्या दारात". तिन्ही शिव्या एकाच रोगाच्या. पटकी, वाखा, मरी, जरीमरी, महामारी, सगळा कॉलरा. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी नसायचा, अशा रोगाने शिव्या मागे ठेवल्या नसत्या तरच नवल. आज महामारी म्हटलं की आपल्याला कुठलीही मोठी साथ वाटते, पण १८७० च्या कागदात ती बहुधा पटकी असते आणि १८९७ नंतर कधी कधी प्लेग. साल बघून ठरवा. मोडशी हाही त्याच घरातला शब्द. आता आपण अपचन होऊन पोट बिघडलं की मोडशी म्हणतो, जुन्या काळी तिने माणसं मरत. गोव्यात गार्सिया द ओर्ता नावाच्या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली छापलेल्या पुस्तकात ह्या रोगाचं वर्णन केलंय, इथलंच नाव घेऊन. त्या मोडशीचं पोर्तुगीजांनी मोर्देशी केलं आणि फ्रेंचांनी कानाला लागेल तसं करत करत ‘कुत्र्याचं मरण’ अशा अर्थाचं काहीतरी करून टाकलं. तेव्हा ज्यांचे पूर्वज गोव्याचे आहेत आणि चर्चच्या दफनाच्या वह्या चाळताहेत, त्यांनी पोर्तुगीजांच्या तोंडी गेलेला आपलाच शब्द ओळखायला तयार राहावं.

पोटाचे बाकीचे शब्द सोपे. आव, रक्ती आव, आमांश हे मुरड्याचे. हगवण, अतिसार हे पातळ जुलाबांचे. संग्रहणी वेगळी, ती महिनोन् महिने चालते आणि माणूस काडी होऊन जातो. १९०० च्या दुष्काळाच्या पानांवर हगवण आणि अशक्तपणा ओळीने दिसले तर त्याचं खरं नाव भूक. उपाशी मेला असं गावच्या वहीत सहसा कुणी लिहीत नाही.

देवी सगळ्यांना कळते, पण शब्द बदलतो: देवी, माता, आई, फोड. कांजिण्या आणि गोवर वेगळे लिहिलेले असतात, मात्र लिहिणाऱ्याने ते नीट ओळखले असतील यावर फार भिस्त ठेवू नका. फेब्रुवारी ते मे ह्या दिवसांत एकाच आळीतली चार-पाच मुलं फोडांनी गेलेली दिसली तर देवी समजायला हरकत नाही. पटकी बहुधा उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्यात. आषाढीनंतर वारीच्या वाटेवरच्या गावांत ओळी एकदम दाट होतात. भाद्रपदापासून कार्तिकापर्यंत ताप वाढतो तो हिवताप. त्याच्या मागोमाग, कधी वर्षभराने, पानथरी येते. पानथरी म्हणजे प्लीहा. हिवताप पुन्हा पुन्हा आला की ती सुजते, डाव्या बरगडीखाली हाताला दगडासारखी लागते. तिचा खायच्या पानाशी काही संबंध नाही, हे मी पुतण्याला तेव्हाच सांगून ठेवलं.

प्लेगला वहीत प्लेग असं क्वचितच म्हणतात. गाठ येऊन, गाठीचा ताप, शिकलेला लिहिणारा असेल तर ग्रंथिक सन्निपात. आणि पुष्कळदा नुसता ताप, कारण प्लेग म्हटलं की घर रिकामं करायचं, माणसं वेगळी काढायची, सामानाची धुरी आणि जाळपोळ. लोक लपवत. मग ओळखायचं कसं? घर बघा. एकाच घरातले दोन-तीन जण आठवड्याच्या आत, वय काहीही, आणि राहण्याच्या जागी गावाऐवजी ‘माळ’ किंवा ‘झोपडी’. गाव उठून रानात गेलेलं असतं. सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ ला ह्याच गाठीने गेल्या, प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता. मी नर्सिंगला होते तेव्हा आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

छातीचे शब्द म्हणजे खोकला, दमा, कफ, क्षय. क्षय लिहिलेला कमी सापडेल, तो लपवायचा रोग. तिशीतला माणूस, कारण ‘खोकला’, आणि दोन वर्षांत त्याच घरातून त्याची बायको किंवा भाऊ त्याच कारणाने: मी शेजारी पेन्सिलीने क्षय लिहिते. साठीतला माणूस खोकल्याने गेला तर काहीच लिहीत नाही.

बाळंतिणी आणि तान्ही मुलं ह्यांच्या नोंदींपाशी मात्र थांबा, तिथं घाई करू नका. ‘अडून’ म्हणजे मूल आडवं राहिलं, सुटका झाली नाही. ‘वार न पडून’ उघडच आहे. ‘अंगावरून जाऊन’ म्हणजे रक्तस्राव. सुवारोग, बाळंतरोग म्हणजे पाच-सात दिवसांनी आलेला ताप. तेव्हा हात धुण्याची समज नव्हती. पण पुष्कळ बायकांच्या पुढे ह्यातलं काहीच नसतं, फक्त ‘ताप’ किंवा ‘सूज’. म्हणून अठरा ते चाळीस वयाची बाई गेलेली दिसली की जन्माच्या पानावर जा आणि मागचे दोन महिने चाळा. आमच्या एका चुलत आजीचं असंच आहे. मरणाच्या पानावर ‘ताप’, जन्माच्या पानावर त्याआधी नऊ दिवस मुलगी. आणि मरणाच्या त्याच पानावर चार ओळी खाली ती मुलगी, वय १३ दिवस, कारण ‘दूध नाही’.

तान्ह्या मुलाचं वय दिवसांत लिहिलेलं असेल तर तोच रोगाचा अर्धा पत्ता. पाच ते दहा दिवसांचं मूल आणि कारण ‘आकडी’, ‘धनुर्वात’ किंवा ‘सटवी’. जन्मल्यानंतर पाच-सहा दिवसांनी सटवाई येते आणि नशीब लिहून जाते म्हणतात. त्याच दिवसांत मूल दूध ओढायचं थांबवतं, जबडा आवळतं, कमान होतं. नाळ विळ्याने कापलेली, वर शेण किंवा राख लावलेली. धनुर्वाताचे जंतू तिथूनच आत गेलेले. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी असं मूल मांडीवर घेतलंय, त्यामुळे ‘सटवी’ हा शब्द वाचला की मला पुढचं काही लागत नाही. जरा मोठ्या मुलांत डबा येतो. पोट फुगतं, बरगड्या आत ओढल्या जातात, धाप लागते. आजचा डॉक्टर त्यातल्या बहुतेकांना न्यूमोनिया म्हणेल. डांग्या खोकला, घटसर्प ही नावं आजही तीच. मुडदूस म्हणजे हाडांचा रोग, पण वहीत कुठलंही वाळत गेलेलं मूल मुडदूस होतं.

आता फसवणारे शब्द. रक्तपिती म्हटलं की वैद्याकडे जाणारी माणसं म्हणतात, नाकातोंडातून रक्त पडणं. तो आयुर्वेदातला रक्तपित्त. जुन्या मराठी कागदातली रक्तपिती म्हणजे महारोग, कुष्ठरोग. घरच्यांना सांगताना जरा सांभाळून सांगा, अजूनही लोक दचकतात. परमा आणि गरमी हे बाहेरख्यालीचे रोग. पण प्रमेह लिहिलं असेल तर मधुमेहही असू शकतो, उगाच पणजोबांना बदनाम करू नका. काळपुळी म्हणजे काळी पडणारी घातकी पुळी. गुराढोरांत, कातड्यात काम करणारा असेल तर जनावरांकडून आलेली. पाठीवर, पन्नाशीच्या खात्यापित्या माणसाला झाली असेल तर मला आधी साखरेचा संशय येतो. वात, वायू हे शब्द तर पोतडीसारखे: अर्धांगापासून पोटफुगीपर्यंत काहीही त्यात. वय साठच्या पुढे आणि मरण एक-दोन दिवसांत, तर अर्धांग धरा. देवाज्ञा हे कारण नाही, तो लिहिणाऱ्याचा नमस्कार आहे.

अडलेल्या शब्दासाठी आजचा शब्दकोश उघडू नका. मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश बघा, इंटरनेटवर फुकट आहे. तो त्याच काळातला, म्हणून त्यात शब्दाचा तेव्हाचा अर्थ मिळतो. पण कोशाच्याही आधी गावातल्या ऐंशीच्या पुढच्या बाईला विचारा. पुरुषांना रोगांची नावं ठाऊक नसतात. सेवा बायकांनी केलेली असते.

गिरणीत कामाला गेलेल्या आजोबा-पणजोबांचे दाखले मुंबईत इंग्रजीत निघतात, तिथं वेगळी अडचण. थायसिस म्हणजे क्षय. ड्रॉप्सी म्हणजे अंगावर पाण्याची सूज, मग ती काळजाने असो की मूत्रपिंडाने. एपोप्लेक्सी म्हणजे मेंदूचा झटका, एग्यू म्हणजे हिवताप. मॅरॅस्मस म्हणजे वाळत जाऊन मेलेलं मूल. डिबिलिटी म्हणजे लिहिणाऱ्यालाही माहीत नाही. रेमिटंट फीव्हर म्हणजे चढउतार होणारा पण न सुटणारा ताप, आणि तो १८९६-९७ च्या हिवाळ्यात मांडवीकडच्या चाळीतला असेल तर प्लेगचा संशय घ्या. त्या महिन्यांत बऱ्याच गाठी ह्या नावाखाली झाकल्या गेल्या.

वंशावळीत उतरवताना दोन रकाने करा. पहिल्यात मूळ शब्द, आहे त्या शुद्धलेखनासकट. दुसऱ्यात तुमचा अंदाज, पुढे ‘बहुधा’ लावून, आणि अंदाज कशावरून केला तेही: वय, महिना, शेजारच्या ओळी. मी स्वतः आधी थेट आजचीच नावं लिहीत होते. तीन वर्षांनी पुन्हा बघितलं तर मूळ काय होतं ते मलाच आठवेना, आणि रेकॉर्ड रूमला परत जाऊन नक्कल मागायची वेळ आली. त्या साहेबांनी मला जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

तर आमचं अख्खं पान आलं. जुलै महिना, भांगलणीचे दिवस. त्याच पानावर दुसऱ्या आळीतली एक बाई, वय ४०, कारण ‘जनावर चावून’. मी पुतण्याला म्हटलं, "उपकेंद्रात असताना रात्री दार वाजायचं. बाहेरून काय हाक यायची ठाऊक आहे? बाई, पान लागलंय. साप म्हणायचे नाहीत. रात्री त्याचं नाव घेतलं की तो येतो."

तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. "म्हणजे विडा नाहीच?"

"नाहीच."

रविवारी तो नकलेची झेरॉक्स घेऊन भावकीतल्या त्या घरी गेला. तिथल्या थोरल्या काकी नव्वदीच्या आहेत. त्यांनी कागद हातात घेतलाच नाही. म्हणाल्या, "पान लागलं हे आम्हाला ठाऊकच हाय की. आमचा बांध कोरायला गेला होता रातच्याला."

पुतण्या परत आला तो गप्पच. चहा झाल्यावर म्हणाला, "आत्या, बांधाचं कुठल्या नमुन्यात बघायचं?"